तळ्याचा दोर खाटेला

मिरजगावच्या बाजारात सूर्यभान बोरुडे कुठं राहतात असं विचारलं तर माणूस मान खाजवेल. हरणवाले तात्या म्हटलं की टपरीवरचा कुणीही वस्तीची वाट दाखवेल आणि दाखवता दाखवता हसेल. हसण्यासारखंच आहे म्हणा. तात्यांचं रान जिथं संपतं तिथून वनखात्याचा माळ लागतो. माळावर काळविटांचे कळप आहेत, आणि हे कळप बुजगावणी, डब्यांचा खडखडाट, माणसांच्या आरोळ्या यांतल्या कशालाही भीक न घालता हरभरा खातात, मका खातात, ज्वारीचे कोवळे कोंब तर आवडीनं खातात. आजूबाजूचे शेतकरी त्यांच्या नावानं बोटं मोडतात. तात्या मात्र तीस वर्षं रोज दिवस उगवायच्या आत माळावर जाऊन त्यांना बघून येतात. मोजत नाहीत, फोटो काढत नाहीत, हातही जोडत नाहीत. उंचवट्यावर उभं राहायचं, कळप बघायचा, परत येऊन चहा प्यायचा.

शेजारचा कानिफनाथ एकदा म्हणाला, "तात्या, चोरांना येशीपतुर घालवायला जायची रीत तुमच्याच घरची बघा."

"चोर कसले? रोज येतात, म्हनजे पाव्हनेच की," तात्या म्हणाले.

यावर त्यांची बायको बनुबाई जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. हरभरा राखायचं काम तिच्याकडं होतं. सदतीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याबरोबर एकदाही हरणं बघायला गेली नव्हती.

फेब्रुवारीत एका सकाळी माळावरून येताना तात्या बांधावरच पोट धरून बसले. कानिफनाथच्या जीपमधून नगर गाठेपर्यंत तोंड पांढरंफटक पडलं होतं. आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टरांनी तासाभरात पोट उघडलं, काळं पडलेलं वीतभर आतडं काढून टाकलं आणि बेंबीच्या वरपासून खालपर्यंत टाके घातले. दहा दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर तात्यांच्या मुलाला, हनुमंताला म्हणाले, "वरून जखम सुकलेली दिसेल, पण आतली शिवण कच्ची आहे. तीन महिने उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही. भरलेली बादलीसुद्धा नाही. शिवण उसवली तर पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि या वयात ती पाळी येऊ नये. चालायचं मात्र रोज. जितकं चालाल तितकं चांगलं." हनुमंत नगरच्या एमआयडीसीत कामाला. त्यानं हे सगळं मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून आईला ऐकवलं. बनुबाईनं ते इतक्यांदा ऐकलं की डॉक्टर खोकले कुठं तेसुद्धा तिला पाठ झालं.

दवाखान्यातल्या सिस्टरनं आणखी एक गोष्ट शिकवली होती. "आजोबा, सरळ उठून बसायचं नाही हं. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि कोपरावर जोर देऊन उठायचं. पोटावर ताण येत नाही."

"म्हनजे बाळंतिणीवानी?"

"हो, अगदी तसंच," सिस्टर हसून म्हणाली.

झालं! तिनं हसायला नको होतं. तात्यांच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. चौसष्ट वर्षं माणूस सरळ उठतोय आणि आता बाळंतिणीसारखं उठायचं? त्यापेक्षा शेजारच्या खाटेवरच्या माणसानं पायथ्याला पट्टी बांधली होती आणि ती धरून तो उठायचा, ते तात्यांना मर्दपणाचं वाटलं. घरी आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला, "खाटंला दोर बांध." हे चालेल का, असं डॉक्टरांना कुणी विचारलं नाही.

बनुबाईनं घरात शोधलं. गोठ्यातले दोर बारीक, मळके. मग ती शेततळ्यावर गेली आणि तिथला दोर सोडून घेऊन आली. हा दोर साधा नव्हता. जाड नायलॉनचा, हात-हातावर गाठ मारलेला, दहा हात लांब. शेततळ्याच्या फाटकाशी लोखंडी खांब होता, त्याला एक टोक बांधलेलं असायचं. दुसरं टोक ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबला बांधून पाण्यात सोडलेलं असायचं. कारण शेततळं म्हणजे विहीर नव्हे. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात. शेततळ्याला चारी बाजूंनी उतार असतो आणि त्यावर प्लॅस्टिकचा काळा कागद अंथरलेला असतो. ओल्या कागदावर शेवाळ धरतं. मग पाण्यातून काठ दोन हातांवर दिसत असतो, पण पाय ठरत नाही आणि हात पुरत नाही. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या वस्तीवरचा पट्टीचा पोहणारा गडी असाच गेला. त्याच्या दहाव्याहून आल्यावर तात्यांनी स्वतः बसून या दोराच्या गाठी मारल्या होत्या.

ट्यूब गोठ्यात टाकून तिनं दोर खाटेच्या पायथ्याला बांधला. तोच दोर बघून तात्या म्हणाले, "अगं, आन तळ्याला?"

"तळ्यात कोन पडतंय आता? पडनारं मानूस हितं खाटंवर हाय."

तात्या हसले आणि हसताना पोटात कळ आली म्हणून थांबले. हनुमंताला दुसरा दोर आणायला सांगितलं. त्या रविवारी त्यानं गोळ्या आणल्या, पोटाला बांधायचा पट्टा आणला, आईसाठी पोह्यांचा चिवडासुद्धा आणला. दोर राहिला. पुढच्या रविवारीही राहिला. मग तो विषयच मागं पडला. घरातला दोर आपलं काम चोख करत होता आणि तळं कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतं.

चालणं सुरू झालं. पहिल्या आठवड्यात दारापर्यंत. मग कडूनिंबापर्यंत. मग लिंबाच्या बागेतून पलीकडच्या बांधापर्यंत, जिथं एक जुनं बोरीचं झाड आहे. बनुबाईनं हद्द तिथंच आखली. "बोरीच्या म्होरं पाऊल टाकलं की हनुमंताला फोन करीन," ती म्हणाली, आणि ती पोकळ धमक्या देणारी बाई नव्हती.

तात्या रोज सकाळी बोरीपर्यंत जायचे आणि उभे राहायचे. तिथून माळाचा उंचवटा दिसतो, त्याच्या मागचं काही दिसत नाही. कळप मागच्या खोलगटात बसतो. ऑपरेशनच्या आदल्या तासाभरात, स्ट्रेचरवर पडल्या पडल्या, तात्यांना बायको आठवली नव्हती, मुलगा आठवला नव्हता, सासरी असलेली लेक आरतीही आठवली नव्हती. त्यांना आठवला होता मोडक्या, डावं शिंग अर्ध्यात मोडलेला म्हातारा नर. आता त्याला कोण बघेल, असं वाटून त्यांना रडू आलं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. लाज वाटावी अशीच होती ती. पण तेव्हापासून मोडक्या जिवंत आहे का, एवढं एकदा बघायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

एप्रिल लागला. घरी आल्याला सहा आठवडे झाले होते. त्या दिवशी तात्या बोरीपाशी आले, काठी घट्ट धरली आणि पाऊल पुढं टाकलं.

मोबाईल घरीच होता. तो ते माळावर कधीच नेत नसत. एकदा कळप समोर असताना मुलाचा फोन आला होता आणि हरणं अशी उधळली की तीन दिवस जवळ आली नाहीत. हातात काठी, पोटाला पट्टा. एक हात पट्ट्यावर. याच वाटेनं ते तीस वर्षं डोळे मिटून चालत आले होते, आता प्रत्येक दगड बघून पाय टाकत होते. ठेच लागली तर? शिंक आली तर? पोटात जरा कुठं ओढल्यासारखं झालं की ते थांबायचे, श्वास रोखून आत काय चाललंय त्याचा कानोसा घ्यायचे आणि मग पुढं निघायचे. आपल्याच शरीराचा असा धाक त्यांना आयुष्यात कधी वाटला नव्हता. मागं फिरावं असं दोनदा मनात आलं. पण उंचवटा तर समोरच होता.

ते वर पोचले आणि कळप दिसला. वाळलेल्या गवतात वीस-पंचवीस माद्या, दोन काळेभोर तरणे नर, आणि बाजूला एकटाच उभा मोडक्या. तसाच. तेच अर्धं शिंग. त्यानं मान वळवून तात्यांकडं बघितलं आणि पुन्हा गवताला तोंड लावलं. तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हायेस का रं बाबा," एवढंच ते म्हणाले.

डोळे पुसून त्यांनी पुन्हा बघितलं तेव्हा त्यांना ती हरणी दिसली. कळपात नव्हती. माळ आणि रान यांच्या सीमेवर तात्यांच्या शेततळ्याचा भराव आहे, पुरुषभर उंच. त्याच्या तारेच्या कुंपणाशी ती इकडून तिकडं पळत होती. थांबायची, मान ताणून आत बघायची, पुन्हा पळायची. हरणी माणसाच्या कामाच्या जागी अशी घुटमळत नाही.

तळ्यापर्यंत तीनशे पावलं असतील. तात्या जमेल तेवढ्या भराभर गेले. कुंपणाखाली कोल्ह्यांनी उकरलेलं भगदाड होतं. एरवी दर पंधरा दिवसांनी कुंपणाला फेरी मारून ते असली भगदाडं बुजवायचे. यंदा दोन महिन्यांत कुणी फिरकलं नव्हतं. फाटक उघडून ते आत गेले. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलं होतं, काळा कागद दोन पुरुष लांब उघडा पडला होता, आणि खाली पाण्यात एक पाडस होतं. दहा-बारा दिवसांचं असेल. पुढचे खूर कागदावर टाकायचं, घसरायचं, नाकापर्यंत बुडायचं, पुन्हा वर यायचं. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. आवाजसुद्धा करत नव्हतं.

तात्यांचा हात सवयीनं खांबाकडं गेला. खांबाला काही नव्हतं. दोर जिथं बांधलेला असायचा तिथं घासून चकचकीत झालेला पट्टा तेवढा होता.

दोर कुठं आहे ते त्यांना ठाऊक होतं. सकाळीच तो धरून ते उठले होते. घरी जाऊन यायला त्यांच्या चालीनं अर्धा तास, आणि पाडसाकडं पाच मिनिटंही नव्हती. तात्या काठावर गुडघ्यावर बसले. काठी पुढं केली. पुरेना. आणखी वाकले, पोटात चर्र झालं, तरी पुरेना. मग ते उठले आणि पायातल्या चपला काढू लागले.

"खबरदार!"

फाटकात बनुबाई उभी होती. धापा टाकत होती.

"तू हितं कशी?"

"रोज येते. बोरीपतुर रोज तुमच्या मागनं येते. तुमी कधी मागं बघितलंय?" ती पुढं आली आणि तिला पाडस दिसलं. तिनं खांबाकडं बघितलं. तिचं तोंड उतरलं. दोर तिनंच सोडून नेला होता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हरनांसाठी पोट फाडून घेता व्हय? सरा तिकडं. मी धरते त्याला."

"बने, कागदावर पाय ठरत न्हाई."

"तुमी काठी धरा. मी दुसऱ्या टोकाला धरून उतरते. हात लांबवला की घावतंय."

तात्यांनी नाही म्हणायला हवं होतं. पण पाडस त्या वेळी पुन्हा खाली गेलं होतं आणि वर आलं नव्हतं. त्यांनी एका हातानं खांब पकडला, दुसऱ्यानं काठी. बनुबाईनं लुगड्याचा काष्टा आवळला, काठीचं टोक धरलं आणि अनवाणी कागदावर उतरली. एक पाऊल. दोन. पाडस वर आलं. तिनं हात लांबवला, बोटं त्याच्या कानाला लागली, आणि तिचा पाय सटकला. सगळा भार काठीवर आला. तात्यांच्या पोटात कुणीतरी आतून कापड फाडावं तशी कळ गेली. ते ओरडले नाहीत, पण चेहरा पिळवटला. बनुबाईनं खालून त्यांच्याकडं बघितलं.

आणि तिनं काठी सोडली.

घसरली नाही, सुटली नाही. तिनं बोटं उघडली, हे तात्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ती कागदावरून सरसरत गेली आणि पाण्यात पडली.

बनुबाईला पोहता येत नव्हतं. नऊवारीत हवा भरली होती, त्या हवेनं ती थोडा वेळ तरंगली. तिनं हात मारले, कागदाला नखं लावली, घसरली. तोंडात पाणी गेलं. "बने!" तात्या ओरडले. हाकेसरशी पोटात कळ उठली. कानिफनाथचं रान हाकेच्या बाहेर. दोर घरी, खाटेला.

अशा वेळी माणूस एक तर गोठून जातो, नाही तर त्याचे हात डोक्याच्या आधी चालतात. तात्यांचे हात चालले. भरावाच्या कडेला ठिबकच्या जुन्या नळ्यांचं भेंडोळं पडलं होतं, बागेतली नळी बदलली तेव्हाचं. त्यांनी एक लांब नळी ओढून काढली, मधोमध दुमडली आणि दुमडलेला भाग कागदावरून खाली सोडला. पोकळ नळी पाण्यावर तरंगत बनुबाईपाशी गेली.

"पाठीमागनं घे! दोनी काखंत घाल! हातानं धरू नको, काखंत!"

एकदा तिची पकड चुकली. ती बुडाली. वर आली तेव्हा डोळे पांढरे दिसत होते. दुसऱ्यांदा नळी तिच्या डोक्यावरून पाठीमागं गेली आणि तिनं दोन्ही दंड आवळले.

आता ओढायचं. ओढायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तात्यांनी नळीची दोन्ही टोकं हातात घेतली, एकदा ओढून बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की ओढलं तर पोट फाटेल आणि पोट फाटलं की हात सुटतील. मग दोघंही गेले.

त्या क्षणी त्यांना वडिलांची मोट आठवली. तात्या दहा वर्षांचे असताना त्यांच्या विहिरीवर मोट होती. बैल विहिरीकडं पाठ करून धावेच्या उतारावरून खाली चालायचे आणि मागं भरलेली मोट आपोआप वर यायची. पोरगा बैलांवर ओरडायला लागला की वडील म्हणायचे, "बैलाला ओढ म्हनू नको. चल म्हन. तो चालला की पानी येतंय."

समोर भरावाचा बाहेरचा उतार होता. तीच धाव. तात्यांनी नळीचं एकेक टोक काठीच्या एकेका टोकाला बांधलं, गाठी दातानं आवळल्या, काठी छातीवर आडवी घेतली, तळ्याकडं पाठ केली आणि फाटकातून बाहेर पाऊल टाकलं. नळी ताणली. ताणून लांब होत गेली, नुसतीच लांब. आता तुटते की काय! तुटली नाही. छातीवर भार आला. तात्या पुढं वाकले आणि सगळं अंग उतारावर टाकून दिलं.

"चल," ते स्वतःला म्हणाले. "चल."

एक पाऊल. मागं काय होतंय ते दिसत नव्हतं. दुसरं पाऊल. मागून आवाज येत नव्हता, आणि त्या आवाज न येण्यानं त्यांचा जीव अर्धा झाला. तिसऱ्या पावलाला बेंबीखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं. गेली शिवण, असं त्यांना वाटलं. जाऊ दे. चौथं. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती. ते चालत होते. पाचवं. सहावं. मग भार एकाएकी हलका झाला आणि नळी तुटली अशी समजूत होऊन तात्या तोंडघशी पडता पडता राहिले.

मागं वळले तर फाटकात, खांबाला मिठी मारून, बनुबाई आडवी पडलेली होती. खोकत होती. जिवंत माणूसच इतकं वाईट खोकतं.

तात्या चार पायांवर भराव चढून तिच्यापाशी गेले. नळीनं तिच्या दोन्ही काखांखाली साल निघाली होती, चोळी रक्तानं भरली होती. तात्यांनी तिच्या तोंडावरचे केस बाजूला केले.

"काठी का सोडलीस?"

"तुमचं तोंड बघितलं," ती म्हणाली.

मग तिनं मान वळवून तळ्याकडं बघितलं. "आन ते?"

तळ्यात आता काही हलत नव्हतं. कुंपणापलीकडं हरणी उभी होती. ती आता पळत नव्हती.

बनुबाई रडली. ज्यांच्यावर तिनं सारा जन्म डबे वाजवले त्यांच्यातल्या एका पिल्लासाठी ती हमसून हमसून रडली. "माझी बोटं लागली हुती त्याला. कानाला लागली हुती," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

पुढचं सांगायला फार नाही. कानिफनाथनं दोघांना जीपमध्ये घालून नगरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं. पोट उघडावं लागलं नाही. टाक्यांच्या कडेला लिंबाएवढा फुगवटा आला होता, तो आता जन्माचा सोबती. डॉक्टर तात्यांवर इतके रागावले की बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना ऐकू गेलं. वनखात्याचा माणूस आला, त्यानं पाडस बाहेर काढलं, पंचनामा केला. मृत्यूचं कारण त्यानं लिहिलं, पाण्यात बुडून. तात्यांनी सही केली. कारण खरं होतं पण पुरं नव्हतं, आणि जे उरलं होतं त्याला कागदावर रकाना नव्हता.

त्याच संध्याकाळी तात्यांनी खाटेचा दोर सोडला. कानिफनाथनं तो खांबाला बांधला, दुसऱ्या टोकाला गोठ्यातली ट्यूब अडकवली आणि कुंपणाखालचं भगदाड दगडांनी बुजवलं. तात्या शेजारी उभं राहून गाठ नीट बसली का ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तसा त्यांचा हात पायथ्याकडं गेला. हाताला काही लागलं नाही. ते तसेच पडून राहिले. बायकोला हाक मारावी, तर तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वेणीसुद्धा शेजारच्या बाईनं घालून दिली होती. थोड्या वेळानं त्यांनी गुडघे वाकवले आणि ते कुशीवर वळले. पाय खाटेवरून खाली सोडले. कोपर टेकलं, जोर दिला. उठून बसले.

इतकंच होतं ते. कळसुद्धा फारशी आली नाही. तात्या खाटेच्या कडेवर बसून राहिले. दोर लागतच नव्हता. पहिल्या दिवसापासून लागत नव्हता.

बनुबाई दारात आली. "उठलात? दोराबिगर?"

"व्हय."

"कसं?"

"सिस्टरनं सांगितलं हुतं तसं. कुशीवर वळून."

"मग आदी का न्हाई उठलात तसं?"

चौसष्ट वर्षांच्या माणसाला खोटं बोलायला वेळ लागत नाही, पण तात्यांना त्या दिवशी खोटं सुचेना. "बाळंतिणीवानी उठायचं न्हवतं मला," ते खाली बघत म्हणाले.

"मी दोनदा उठले तसं," बनुबाई म्हणाली. "हनुमंताच्या वक्ताला आन आरतीच्या वक्ताला. काय झालं मला?"

तिनं त्यांच्या चपला पुढं सरकवल्या, काठी हातात दिली आणि पदर डोक्यावर घेऊन स्वतःही बाहेर पडली. मागून नाही, बरोबरीनं. बोरीपाशी ती थांबली नाही. तात्या उंचवट्याकडं वळले नाहीत. दोघं तळ्याच्या कुंपणापर्यंत गेली आणि उभी राहिली. हरणी अजून तिथंच होती.

"ती कवर उभी ऱ्हानार?" बनुबाईनं विचारलं.

"दोन दिस. कधी तीन," तात्या म्हणाले. "मग जाती कळपात."

"मग तवर रोज येऊ," ती म्हणाली.